बाव्हरेचा दुसरा जेट

मंडळी, आधी बर्था बेंझ यांची गोष्ट सांगतो. ऑगस्ट १८८८, नवरा कार्ल बेंझ याला न सांगता त्याने बनवलेली मोटारगाडी काढून, दोन मुलांना घेऊन बाई मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला निघाल्या, शंभर किलोमीटरच्या वर अंतर, वाटेत इंधन संपत आलं तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन, म्हणजे पेट्रोलसारखा द्राव, घेतलं, आणि पुढे इंधनाची नळी चोंदली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. जुन्या स्कूटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, काढून ज्यांनी तोंडाने फुंकलाय ना, त्यांना ही बाई घरातलीच वाटेल.

पण त्या गाडीत जेट नव्हताच हं. इंधनावरून हवा ओढून घ्यायची, जेवढी वाफ मिसळेल तेवढी. मग व्हायचं काय, हलका भाग आधी उडून जायचा, खाली जड राहायचं, थंडीत तर आणखीच हाल. १८९३ मध्ये विल्हेल्म माइबाखने फवाऱ्याचा कार्बुरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, केला, त्याच वर्षी बुडापेस्टला बांकी आणि चोंका यांनी पेटंट घेतलं. त्यात फ्लोट, म्हणजे तरंगणारा डबा, आणि त्याची सुई मिळून पेट्रोलची पातळी जेटच्या तोंडाच्या किंचित खाली धरून ठेवतात, इंजिनाने हवा ओढली की फवारा उडतो.

इथे खरी गंमत सुरू होते. पेट्रोलच्या एका वजनाला हवेची साधारण पंधरा वजनं लागतात. पण इंजिनाचा वेग वाढला, ओढ वाढली की हवा विरळ होते, पेट्रोल होत नाही, त्यामुळे एकाच जेटवर मिक्श्चर रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, होत जातं, प्लग काळे पडतात, धूर येतो. मग ड्रायव्हरने हाताने हवा कमीजास्त करत बसायचं! १९०२ मध्ये पानार या फ्रेंच मोटार कंपनीच्या क्रेब्सने जास्तीची हवा आपोआप आत घेणारी झडप बसवली, चांगलं काम होतं ते, पण हलता भाग आला की झीज आली.

फ्रान्समधल्या ल्योंच्या फ्रांस्वा बाव्हरेने १९०६ च्या सुमारास जे केलं ते मला आजही सगळ्यात सुंदर वाटतं. मी पहिल्यांदा त्याचा झेनिथ कार्बुरेटर खोलला तेव्हा वाटलं, हा जेट कुणीतरी चुकून जास्तीचा बसवलाय. तो दुसरा जेट एका छोट्या विहिरीत ठिबकतो आणि ती विहीर वरून हवेला उघडी असते. बादलीला भोक असेल तर पाणी बादलीतल्या पातळीप्रमाणे पडतं ना, तसंच, इंजिनाने कितीही ओढलं तरी ह्या जेटमधून पेट्रोल तेवढंच येणार. म्हणजे हवा वाढली की ह्याचं मिक्श्चर लीन, म्हणजे कमी पेट्रोलचं, होत जातं, पहिल्याचं रिच होत जातं, आणि दोघांची बेरीज जवळपास सारखी राहते. एकही भाग न हलवता!

टेबलावर एक खोलून ठेवलाय, जवळ येऊन बघा, दोन्ही जेट बाजूला काढलेत. पितळ मऊ असतं, पिन किंवा तार घालू नका, भोक मोठं होतं, नुसतं फुंका.