लिमाला छत्री नेणारा माणूस

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘तीन देश, तीन किनारे : पेरू, नॉर्वे आणि आपलं कोकण’. पेरू म्हटल्याबरोबर तिसऱ्या रांगेत कुणीतरी ‘मीठ-तिखट’ म्हणालं, ते मला ऐकू आलंय. हा विनोद मी घरी बरीच वर्षं ऐकतोय. फळ नंतर खा, आधी देश.

शाळेत आमचे भूगोलाचे मास्तर जगाच्या नकाशावर आडवी पट्टी धरायचे. वरची पट्टी थंड, मधली उष्ण. पट्टीखाली कोण आलं ते बघायचं आणि पेपरात लिहायचं. मला त्या पट्टीत पैकीच्या पैकी मार्क होते. माझं आजचं म्हणणं एवढंच, की ती पट्टी जरा बाजूला ठेवा. गावाची हवा कळायला हवी असेल तर दोन प्रश्न आधी विचारा. समोरचं पाणी गार की कोमट? आणि वारा डोंगराच्या कुठल्या अंगाने येतो? अक्षांशाचं नंतर बघू.

हे शहाणपण मला पुस्तकातून नाही आलं, भिजून आलं. म्हणजे भिजूनही नाही. तीच तर गंमत.

माझा भाचा एका खाणकंपनीच्या नोकरीनिमित्त लिमात होता. ‘मामा, या की एकदा,’ म्हणाला. मी लगेच पट्टी काढली. लिमा १२ अंश दक्षिण, आपलं मंगळूर १३ अंश उत्तर. समुद्र यालाही, त्यालाही. म्हणजे मंगळूरच की! तिकीट काढून देणाऱ्या गृहस्थांनी शिक्कामोर्तब केलं, ‘ट्रॉपिकल आहे सर, सुती कपडे न्या.’ महिना ऑगस्ट. बॅगेत सहा सुती शर्ट, आणि वरून हिने आग्रहाने दिलेली लांब दांड्याची काळी छत्री. ‘समुद्रावर जाताय, पाऊस असणारच.’ आमच्या घरात हवामान खातं हिच्याकडे आहे.

विमानतळावर भाचा जाड स्वेटर घालून उभा. नमस्कार करायला वाकला आणि वाकल्या वाकल्याच छत्रीकडे बघत म्हणाला, ‘मामा, ही कशाला?’

‘पावसाला.’

‘कुठल्या?’

मंडळी, लिमा म्हणजे एक कोटीच्या घरातलं शहर, आणि वर्षाचा पाऊस जेमतेम एक-दोन सेंटीमीटर. एवढा पाऊस आपल्याकडे जुलैत मंडईबाहेर रिक्षा मिळेपर्यंत पडून जातो. छपरं सपाट. पागोळ्या नाहीत, पन्हळी नाहीत. म्हणून ऊन असेल म्हणावं, तर तेही नाही! हिवाळ्यात आकाश महिनोन्‌महिने एकसारखं राखाडी. तिथले लोक त्या आभाळाला ‘गाढवाचं पोट’ म्हणतात. दुपारी १८ अंश, आणि हवेत इतकी ओल, की दर चार पावलांवर चष्मा पुसायचा. त्या भुरभुरीला ‘गारुआ’ म्हणतात. तिने रस्ता ओलसर होतो, माणूस कुरकुरा होतो, आणि पर्जन्यमापकात काही जमत नाही. सोमवारी धुतलेला माझा शर्ट गुरुवारी दमट. पाऊस पडत नाही आणि कपडे वाळत नाहीत! मुंबईतही जुलैत कपडे वाळत नाहीत, पण निदान समोर पाऊस दिसतो, शिव्या कुणाला द्यायच्या ते कळतं. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने अल्पाकाच्या लोकरीचा स्वेटर घेतला.

भाच्याने एक दिवस शहराच्या कडेच्या उघड्याबोडक्या टेकड्यांवर नेलं. तिथे वस्तीतल्या लोकांनी दोन खांबांमध्ये व्हॉलीबॉलच्या नेटसारखी मोठाली जाळी ताणली आहेत. धुकं त्यातून जातं, धाग्यांवर थेंब धरतात, ओघळून खालच्या पन्हळीत, तिथून टाकीत. लिमात पन्हळ मी पाहिली ती इथेच, तीही धुक्यासाठी.

आता हे असं का? समोरचं पाणी गार. दक्षिणेकडून थंड प्रवाह येतो, शिवाय किनाऱ्याजवळ खोलातलं गार पाणी वर येतं. १८०२ साली हुंबोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने त्यात थर्मामीटर बुडवला, म्हणून प्रवाहाला त्याचं नाव. गार पाण्यावरची हवा गार आणि जड, तिच्यावर उबदार हवेचं झाकण. खाली जाळ नाही, वर झाकण; पातेल्यात उकळी येणार कुठून? धुकं येतं, ढग फुगत नाही. दुसरं, डोंगर. पावसाचा वारा तिथे पूर्वेकडून, ॲमेझॉनच्या अंगाने येतो आणि अँडीजच्या पलीकडच्या उतारावर रिकामा होतो. आपल्याकडे वारा कोमट अरबी समुद्रावरून येतो, महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर ओततो आणि माण-खटावला पोचेस्तोवर त्याच्याकडे काही उरत नाही. आपलं माणमधलं म्हसवड घाटामागे आहे. पेरूचं म्हसवड समुद्रावर आहे, त्याला लिमा म्हणतात.

ही चिठ्ठी कसली? ‘पाच मिनिटे’? अहो, अजून नॉर्वे जायचाय!

बरं, नॉर्वे. बर्गन, ६० अंश उत्तर. पट्टी सरकवली तर ग्रीनलंडचं दक्षिण टोक लागतं. पण बर्गनचं बंदर जानेवारीतही गोठत नाही, कारण अटलांटिकचं कोमट पाणी आणि त्यावरून येणारा नैर्ऋत्येचा वारा. डोंगर थेट किनाऱ्यावर. वर्षाचा पाऊस सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कुलाब्याएवढा! कुलाबा तो चार महिन्यांत उरकतो, बर्गन बारा महिने हप्ते भरतं. हिची छत्री तिकडे न्यायची होती.

आता मूळ मुद्दा, धावत. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हा गणिती हिंदुस्थानच्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळून निघालं होतं. पाऊस का चुकतो, हा सरकारपुढचा प्रश्न. वॉकरने जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे ताडून पाहिले. त्यात दिसलं, की पॅसिफिकच्या एका अंगाला दाब चढला की दुसऱ्या अंगाला उतरतो, झोपाळ्यासारखा. त्याचं मुख्यालय सिमल्याला. १९२८ साली ते पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरला आजही रिक्षावाल्याला ‘सिमला ऑफिस’ सांगावं लागतं. तिकडे पेरूच्या कोळ्यांना ठाऊक होतं, की काही वर्षी नाताळच्या सुमारास पाणी तापतं आणि मासळी जाते. ते त्याला ‘एल निन्यो’ म्हणायचे, बाळ येशू. वॉकरचा झोपाळा आणि कोळ्यांचं तापलेलं पाणी ही एकाच गोष्टीची दोन टोकं, हे १९६९ साली मांडलं याकोब ब्येर्कनेस यांनी. आणि हा माणूस हवामानशास्त्रात घडला कुठे? बर्गनला! झाले का तीन किनारे एका दोरीत?

फक्त, एल निन्यो म्हटलं की आपल्याकडे दुष्काळ, ही पुन्हा पट्टीच झाली. २००९ साली देशात पाऊस सुमारे २२ टक्के कमी पडला, तेव्हा एल निन्यो होता. १९९७ साली तर फार मोठा होता, तरी आपला पाऊस सरासरीएवढा झाला. याचं कारण सांगायला आणखी एक... हो हो, संपवतो.

छत्री मी परत आणलीच नाही. भाच्याच्या दाराआड ठेवून आलो. २०१७ च्या सुरुवातीला पेरूच्या किनाऱ्यालगतचं पाणी तापलं आणि त्या कोरड्या पट्ट्यात पूर आले. लिमात गढूळ पाण्यामुळे नळ बंद. भाचा कामासाठी उत्तरेला त्रुहियोला गेलेला, रस्त्यांतून चिखलाचे लोंढे वाहताहेत, तिथून त्याचा फोन, ‘मामा, तुमची छत्री आज उघडली. आत कोळ्याचं जाळं होतं.’