केमो, केस आणि न दिसणारा थकवा

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे डोकं भादरलेला माणूस दिसला की प्रश्न दोनच. तिरुपतीला जाऊन आलात का? नाहीतर, आवाज खाली आणून, घरात कोण गेलं? कॅन्सरवर केमो, म्हणजे केमोथेरपीचं औषध, घेणाऱ्याला हे प्रश्न बसस्टँडवर, गिरणीत, लग्नाच्या मांडवात झेलावे लागतात. निपाणीकडचे एक आप्पा होते. डोक्यावरचे केस गेले त्याचं त्यांना काही नव्हतं, टोपी होतीच. पण मिशी गेली आणि ते घराबाहेर पडेनासे झाले. "बाप गेला तेव्हा काढली होती, आता कुणासाठी म्हणून सांगू?" म्हणाले. पुतणीच्या लग्नातसुद्धा आतल्या खोलीत बसून राहिले. बायकांच्या केसांचं निदान कुणीतरी विचारतं, पुरुषाच्या मिशीचं कोण विचारणार?

केसांसाठी रडू येणं म्हणजे नखरे नव्हेत. "जीव वाचतोय ना, केसांचं काय घेऊन बसलीस," असं घरचे मायेनंच म्हणतात. पण त्या वाक्यानंतर ती बाई रडायला मोरीत जाते. त्यापेक्षा "वाईट वाटणारच गं" म्हणा आणि जवळ बसा.

केमोचं औषध झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं. केसांच्या मुळाशीही अशाच पेशी असतात, म्हणून त्याही सापडतात. यात देवीचा कोप नाही, कुणाची दृष्ट नाही. सगळ्याच औषधांनी केस जात नाहीत, ते डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. जायचे असले तर साधारण पहिल्या डोसनंतर २ ते ३ आठवड्यांत उशीवर, फणीत पुंजके दिसू लागतात. रेडिएशननं, म्हणजे आपण 'लाईट' म्हणतो त्यानं, जिथं लाईट पडते तिथलेच केस जातात. केमो संपल्यावर बहुतेकांचे ३ ते ६ महिन्यांत परत येतात. सरळ केसांच्या बाईला कधीकधी कुरळे येतात!

खानापूरकडच्या एका काकींनी पुंजक्यांची वाट पाहिली नाही. सुनेकडून वेणी घालून घेतली, अबोलीचा गजरा माळला आणि मग म्हणाल्या, "आता लाव कात्री." दोघी रडल्या, मग चहा प्याल्या. हे सगळ्यांना जमेल असं नाही. कुणाला आरशापुढं जायचंच नसतं. झाका मग आरसा, काही बिघडत नाही. उन्हात जाताना मात्र डोक्याला सुती रुमाल हवाच.

टक्कल दिसतं तरी, थकवा दिसत नाही. दिवसभर भांगलण केलेलं अंग रात्रीच्या झोपेनं मोकळं होतं, पण हा थकवा झोपूनही उतरत नाही. रक्त कमी झालेलं असतं, जेवण जात नाही, झोप तुटते, मनाला घोर असतो. आणि ऐन सुगीत कुणीतरी बोलून जातं, "दिवसभर पडूनच असते." जन्मभर पहाटे उठून भाकऱ्या थापलेल्या बाईला ते किती लागत असेल!

भेटायला येणाऱ्यांचं तर बोलायलाच नको. अथणी, चिकोडीकडचं माणूस मिरजेला किंवा कोल्हापूरला केमो घेऊन संध्याकाळी घरी टेकतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पाहुणे. चहा टाकायला कोण उठतं? तीच. माझं स्पष्ट मत आहे, डोसनंतरचे काही दिवस फोनवर चौकशी करावी. जायचंच असेल तर डबा घेऊन जावं आणि भांडी घासून यावं.

घरच्यांनी तिच्या हातातलं सगळं काम काढून घेऊ नये. लसूण सोलणं, देवापुढं दिवा लावणं, तिला हवं ते एखादं राहू द्यावं. डॉक्टरांची ना नसेल तर अंगणात थोड्या फेऱ्या माराव्यात, हलक्या चालण्यानं हा थकवा कमी होतो. धाप लागली किंवा ताप १००.४ च्या वर गेला, तर मात्र घरगुती काढा करत बसू नका, लगेच दवाखान्यात फोन करा.

आठवडेच्या आठवडे मन उदास राहिलं, जगणं नकोसं वाटलं, तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, कानडीतही. घरच्यांनीही लावावा, त्यांचंही मन थकतं.

नमस्कार.