मशेरी खात नाहीत, लावतात

(महिला मंडळाच्या मासिक सभेतलं एका प्लास्टिक सर्जन बाईंचं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मैत्रिणींनो, फळ्यावर विषय लिहिलाय, ‘मांडीची शस्त्रक्रिया : आधी आणि नंतर’. लिहिताना सेक्रेटरीताईंनी मला हळूच विचारलं, असं उघड लिहायचं ना? लिहायचंच. खूप वजन उतरलं की मांडीच्या आतली कातडी सैल होऊन लोंबते. चालताना मांडीला मांडी घासते, सोलवटते, पावसाळ्यात जांघेत नायटा ठाण मांडून बसतो. काष्टा घालणाऱ्या बाईला विचारा. व्यायामाने स्नायू घट्ट होतात, पण एवढी ताणलेली कातडी पुन्हा आखडत नाही. ती जादा कातडी काढून मांडी शिवायची, तीच ही शस्त्रक्रिया. म्हणून या बायकांना ‘नटायची हौस’ म्हणून कुणी हसलं की मला राग येतो.

आता एक गोष्ट सांगते, मग मुद्द्याकडे येते. सात-आठ वर्षं झाली असतील. पन्नाशीच्या एक मावशी आल्या. वजनासाठी जठराचं ऑपरेशन झालेलं, ४० किलो उतरलेले, वर्षभर काटा एकाच जागी. साखर ठीक, हिमोग्लोबिन ठीक. मी स्वतः विचारलं, “तंबाखू खाता का?” “न्हाई बाई.” “विडी, सिगारेट?” पदर तोंडाला लावून हसल्याच त्या. मी कागदावर ‘नाही’ लिहिलं.

ऑपरेशन छान झालं. आठव्या दिवशी टाक्यांची कड काळपट दिसली. बाराव्या दिवशी जखम उघडली, तीही मांडीवरचा उभा छेद जांघेतल्या आडव्या छेदाला मिळतो बरोबर तिथे. मी साखर पुन्हा तपासली, जखमेतला स्राव तपासणीला पाठवला, औषधं बदलली. कारण सापडेना. एके दिवशी पहाटेच वॉर्डात गेले, तर मावशी खाटेवर बसून बोटाने दात घासत होत्या. बोट काळं. उशाशी पत्र्याची डबी.

मी म्हटलं, “मावशी, तंबाखू खात नाही म्हणालात ना?” त्या चकित होऊन माझ्याकडे बघत राहिल्या. “खात न्हाईच. मशेरी लावते.”

सिगारेट ओढतात, तंबाखू खातात, मशेरी लावतात. त्या खोटं बोलल्या नव्हत्या, माझं क्रियापद चुकलं होतं. त्या दिवसापासून मी प्रत्येकीला तीनदा विचारते, ओढता का, खाता का, लावता का. आणि मला वाटतं, महाराष्ट्रातल्या प्रत्येक ऑपरेशनच्या फॉर्मवर ही तीन क्रियापदं छापलेली असावीत. इथे मागच्या रांगेत दोघी-तिघी एकमेकींकडे बघतायत. बघा, मी रागवत नाहीये.

मशेरी म्हणजे तव्यावर काळा होईतो भाजलेला तंबाखूच. भाजला म्हणून त्यातलं निकोटिन संपत नाही, ते हिरडीतून थेट रक्तात उतरतं आणि बारीक रक्तवाहिन्या आकसतात. मांडीची कातडी आम्ही खालून सोडवून, वर ओढून शिवतो. तिच्या कडेपर्यंत रक्त पोचतं ते याच केसासारख्या वाहिन्यांतून. त्यात जागा जांघेची, ओलसर, पावलागणिक ताणली जाणारी. १९५७ साली लुईस नावाच्या सर्जनांनी ही शस्त्रक्रिया मांडली, तेव्हा नुसती कातडीच शिवत. व्रण मांडीवर खाली घसरायचा, योनीची कड ताणली जायची. १९८८ साली टेड लॉकवुड या सर्जनांनी कातडीखालचा थर जांघेतल्या कोलिसच्या चिवट पडद्याला शिवायचं दाखवलं, आणि ओढ त्या पडद्याने पेलली. पण कडेला रक्तच पोचत नसेल तर लॉकवुडचा टाका तरी काय करणार?

मावशींची जखम अडीच महिने ड्रेसिंग करून भरली, व्रण रुंद राहिला. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही त्यांची अडचण खरी होती. त्यासाठी इसबगोल दिलं.

ताई घड्याळ दाखवतायत, तेव्हा भरभर सांगते. ऑपरेशनआधी वजन निदान सहा महिने स्थिर हवं. जठराचं ऑपरेशन झालेलं असेल तर सहसा वर्ष-दीड वर्ष थांबायचं. हिमोग्लोबिन, बी-१२, प्रथिनं तपासून घ्या, शाकाहारी असाल तर नक्कीच. तंबाखू कोणत्याही रूपात असो, आधी चार ते सहा आठवडे बंद आणि जखम भरेपर्यंतही बंद. निकोटिनची च्युइंगगम आणि पट्टीसुद्धा डॉक्टरांना सांगा. ॲस्पिरिन, पाळीच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या, काढे, सगळं सांगा. जांघेतला नायटा आधी बरा करा, पण दुकानातून आणलेलं स्टिरॉइडचं मलम चोळू नका, कातडी पातळ होते. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी (आता डीआरएनबी) ही पदवी आहे ना, ते विचारा. व्रण राहणार, हे मनाशी धरूनच सही करा. विमा बहुधा मिळत नाही.

ऑपरेशननंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आधार घेऊन चालायचं, पायात गुठळी होऊ नये म्हणून. मांडी दाबून धरणारी घट्ट पँट सांगितली तितके आठवडे घालायची. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, स्कूटर, जिना वरखाली, डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. घरात कमोड नसेल तर आधी कमोडची खुर्ची आणून ठेवा, हे फार जणी विसरतात. शौचाला जाऊन आल्यावर पुढून मागे धुवा आणि जांघ कोरडी टिपा. पाय थोडा सुजतो, कारण अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या लसिका वाहिन्या तिथूनच जातात. व्रण फिका व्हायला वर्ष, कधी दीड वर्ष. मात्र एकच पोटरी सुजून दुखली, दम लागला, छातीत दुखलं, ताप आला, जखमेतून वास किंवा पाणी आलं, तर सकाळची वाट पाहायची नाही.

प्रश्न चहाच्या वेळी विचारा. आणि ज्यांच्या पिशवीत डबी आहे, त्यांनी जाताना मला एकट्याने भेटा. मी दारापाशीच थांबते.