सिग्नेटींचा पहिला हंगाम

मित्रहो, अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये नवा मुख्य प्रशिक्षक आला की पहिली दोन-तीन वर्षे पायाभरणीची समजून त्याला सांभाळून घेतात. इंडियाना विद्यापीठात आलेल्या कर्ट सिग्नेटी यांनी ही सवलत घेतलीच नाही. २०२३च्या नोव्हेंबरअखेरीस त्यांची नेमणूक झाली, तेव्हा संघ नुकताच बारांपैकी नऊ सामने हरला होता आणि सर्वोच्च श्रेणीतील विद्यापीठांमध्ये तोवरचे सर्वाधिक पराभव इंडियानाच्याच खात्यावर जमा होते. राज्य मुळात बास्केटबॉलवेडे, त्यामुळे फुटबॉलकडून अपेक्षाही बेताचीच. अशा ठिकाणी पत्रकारांना ‘मी जिंकतो, गूगलवर पाहा’ असे सुनावणारा माणूस एक तर बढाईखोर असावा, नाहीतर त्याची तयारी तरी पक्की असावी.

तयारी पक्की होती. आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून येताना त्यांनी जणू बिऱ्हाडच हलवले. सहायक प्रशिक्षक आलेच, पण एडन फिशर, मिकेल कमारा, एलायजा सॅरट यांच्यासह तेरा खेळाडूही आले. विद्यापीठ बदलणाऱ्याला पूर्वी सहसा एक वर्ष बाहेर बसावे लागे. पहिल्या बदलापुरती ती अट २०२१मध्ये सुटली नसती, तर हे शक्यच नव्हते. एरवी नव्या प्रशिक्षकाचे पहिले वर्ष आपली पद्धत शिकवण्यातच सरते. इथे ती अंगवळणी पडलेले खेळाडू संघात होतेच. शिवाय ओहायो विद्यापीठातून कर्टिस रॉर्क हा अनुभवी क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) मिळाला, जो गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला असताना हंगामभर खेळला, हे जगाला नंतर कळले.

२०२४च्या हंगामात पहिले दहाही सामने इंडियानाने जिंकले. विद्यापीठाच्या इतिहासात असे कधी घडले नव्हते. प्रतिस्पर्धी दुबळे होते, हा आक्षेप मात्र कायम राहिला, आणि २३ नोव्हेंबरला कोलंबसमध्ये, ओहायो स्टेट या (रॉर्कच्या जुन्या विद्यापीठाहून वेगळ्या) विद्यापीठाच्या मैदानावर, तो खरा ठरतो की काय असे वाटले. सुरुवातीला इंडियाना ७-० असे पुढे होते. मध्यंतरापूर्वी पंट मारायला, म्हणजे आक्रमण अडल्यावर चेंडू लाथेने दूर प्रतिस्पर्ध्याकडे धाडायला, उभ्या असलेल्या इंडियानाच्या खेळाडूच्या हातून चेंडू निसटला आणि ओहायो स्टेटला इंडियानाच्या गोलरेषेजवळच ताबा मिळाला. मध्यंतरानंतर ओहायो स्टेटच्या केलेब डाउन्सने इंडियानाचा पंट झेलून ७९ यार्ड धाव घेत टचडाउन केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेला. बचावफळीने जे राखले, ते पंटच्या दोन प्रसंगांत गेले. निकाल ३८-१५ असा लागला.

आठवड्याने पर्ड्यूला ६६-० असे लोळवून संघ राष्ट्रीय विजेतेपदासाठीच्या, बारा संघांच्या पहिल्याच प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) पोहोचला आणि २० डिसेंबरला नोटर डेमकडून २७-१७ असा हरला. हा गुणफलक फसवा आहे, कारण इंडियानाचे दोन टचडाउन अगदी शेवटी, सामना हातचा गेल्यावर झाले. वेळापत्रक सोपे होते हेही मला मान्य आहे. तरीही अकरा विजय मिळवणाऱ्या या संघाला हंगामभरात हरवले ते केवळ ओहायो स्टेट आणि नोटर डेम यांनी, आणि २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रीय विजेतेपदासाठी समोरासमोर आले तेही हेच दोन संघ.