भारतीय नौदलातला हुद्दा कसा ओळखावा

नौदल अधिकाऱ्याच्या गडद निळ्या कोटाच्या बाहीवर, मनगटाजवळ, सोनेरी फिती असतात. बहुतेक जण लगेच त्या मोजायला लागतात, आणि चूक तिथेच होते. आधी सर्वांत खालची फीत नीट पाहायची. ती बाकीच्यांइतकीच आहे, की चांगली रुंद आहे?

कारण एक ते चार ही मोजणी नौदलात दोनदा येते. साध्या फितींत एक म्हणजे सब लेफ्टनंट, दोन लेफ्टनंट, तीन कमांडर, चार कॅप्टन. खालची फीत रुंद असली की हिशेबच बदलतो. एकटी रुंद फीत कमोडोरची. तिच्यावर एक साधी आली की रिअर ॲडमिरल, दोन आल्या की व्हाइस ॲडमिरल, तीन आल्या की ॲडमिरल. म्हणजे कॅप्टन आणि ॲडमिरल, दोघांच्याही बाहीवर फिती चारच! लांबून काढलेल्या फोटोत ही गफलत हमखास होते.

मधला एक हुद्दा आणखी फसवतो. दोन साध्या फितींच्या मध्ये एक बारीक फीत असेल, तर तो लेफ्टनंट कमांडर. ती बारीक फीत नजरेतून सुटली की लेफ्टनंट वाटतो, पूर्ण धरली की कमांडर.

हुद्द्यांची नावंही जपून घ्यावीत. भूदलातला कॅप्टन नौदलातल्या लेफ्टनंटच्या बरोबरीचा. नौदलातला कॅप्टन थेट कर्नलच्या बरोबरीचा. शिवाय जहाजाची सूत्रं ज्याच्या हाती, त्याला जहाजावर सगळे कॅप्टनच म्हणतात, मग बाहीवर तीन फिती का असेनात.

पांढऱ्या गणवेशात बाहीवर फिती नसतात, तेव्हा खांद्याकडे पाहायचं. कमोडोरपर्यंत तिथेही फितीच दिसतात. रिअर ॲडमिरलपासून पुढे मात्र तारे: दोन, तीन, चार. मुंबईत मुख्यालय असलेल्या पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल असतात, म्हणून त्यांच्या खांद्यावर तीन तारे. चार ताऱ्यांचा मान नौदलाला पहिल्यांदा मिळाला तो 1968 मध्ये, नौदलप्रमुख अधर कुमार चॅटर्जी ॲडमिरल झाले तेव्हा.

ॲडमिरलांच्या खांद्यावरची ही चिन्हं आता नवी आहेत. 4 डिसेंबर 2023 ला सिंधुदुर्गात नौदल दिन साजरा झाला, तिथे बदलाची घोषणा झाली आणि महिना संपण्याआधी नवी रचना समोर आली. ताऱ्यांबरोबर तिच्यात अष्टकोन, तलवार आणि दुर्बीण आहे. अष्टकोन आला तो शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून. 2022 पासून नौदलाच्या ध्वजावरही तो आहे. ज्या किनाऱ्यावर महाराजांनी आरमार उभं केलं, तिथूनच ही घोषणा व्हावी, हे फार उचित झालं.

नौसैनिकांची खूण वेगळी: नांगर. लीडिंग सीमनच्या बाहीवर एक नांगर. पेटी ऑफिसरच्या बाहीवर एकमेकांना छेदणारे दोन, आणि त्यांच्या वर अशोकस्तंभाचे सिंह. त्यापुढे चीफ पेटी ऑफिसर, मग मास्टर चीफ पेटी ऑफिसर, आधी द्वितीय श्रेणी, नंतर प्रथम.