घाट चढून येणारं पापलेट

[दृश्य: मिरज. पहाट. टेम्पोतून पेट्या उतरवल्या जात आहेत.]

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून निघालेली मासळी आंबा घाट चढते, कोल्हापूर मागे टाकते आणि सांगली-मिरजेच्या बाजारात उतरते. थर्माकोलच्या पेट्या, वर चुरलेला बर्फ, खाली बांगडा, सुरमई, पापलेट. समुद्र इथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पण तिथल्या जाळ्यात काय धरायचं आणि काय सोडायचं, याचा थोडा निकाल इथल्या तराजूवरही लागतो. आपण ते सहसा मनावर घेत नाही. घ्यायला हवं.

[दृश्य: बर्फातून उचललेलं छोटं पापलेट, तळहातावर.]

हे पापलेट नीट बघा. तळव्यावर ठेवलं तर बोटांच्या मधल्या पेरांपाशीच संपतं. कल्ले लालभडक, अंगावर चंदेरी चमक, म्हणजे माल ताजा आहे. पण ते अजून पिल्लू आहे. 2023 मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. त्याच वर्षी 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटची मर्यादा आहे 135 मिलिमीटर. त्याहून लहान धरायचं नाही. साडेतेरा सेंटीमीटर म्हणजे मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंतसुद्धा नाही. मर्यादा अगदी कमीत कमी ठेवली आहे, आणि तरीही तिच्या आतला माल विकायला येतो.

का येतो? कारण तो खपतो. खानावळीला ताटात अख्खं पापलेट दाखवायचं असतं आणि थाळीचा भावही आवाक्यात ठेवायचा असतो. मोठं पापलेट त्या भावात बसत नाही, पिल्लू बसतं. बाजारात बसणाऱ्या मावशींना यात दोष देऊन भागणार नाही. गिऱ्हाईक मागतं तेच त्या पाटीत ठेवतात.

सुरमईचं तर कापावरूनच कळतं. सुरमई साधारण 70 सेंटीमीटरची झाली की अंडी देण्याजोगी होते. अशा सुरमईचा मधला काप चांगला रुंद असतो, दोन कापांत तवा भरतो. ताटात दोन बोटं रुंदीचे काप आले, तर ती सुरमई एकदाही अंडी न देता आपल्यापर्यंत पोचली, असं समजायला हरकत नाही.

[दृश्य: सुक्या मासळीची पोती. जवळा, बोंबील.]

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर लोक भलतंच टाळतील. लहान दिसतो तो प्रत्येक मासा पिल्लू नसतो. जवळा पूर्ण वाढला तरी एवढाच. मांदेलीही जातीनेच छोटी. त्या बिनधास्त खा. बांगडा, तारली भराभर वाढतात आणि लवकर अंड्यावर येतात, त्यामुळे त्यांची भरपाईही लवकर होते. मुशी म्हणजे शार्कची गोष्ट नेमकी उलटी. वाढ हळू आणि पिल्लं मोजकी.

[दृश्य: किनारा. रापण ओढणारी माणसं.]

किनाऱ्यावर रापण ओढतात तेव्हा जाळ्याच्या दोन्ही टोकांना माणसं उभी असतात. मिळेल ती मासळी वाट्यांनी वाटली जाते. काठावर आलेल्या मासळीपुरतीच रापणीची धाव. पर्ससीन जाळं मात्र समुद्रातला अख्खा थवा वेढतं आणि खालून आवळून घेतं. पर्ससीनचे परिणाम तपासणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी 2016 मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले. दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करून पकडण्यावर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. दोन्ही नियम योग्यच होते. थवा भर समुद्रातच उचलला गेला, तर होडीवाल्याला आणि रापणवाल्याला काय उरणार?

नियम जाळ्याच्या आसाला, म्हणजे विणीतल्या भोकालाही आहे. जाळं पाण्यातून ओढत नेणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्याचा आस साधारणपणे शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. ओढ बसली की तो मिटतो, आणि निसटू शकली असती ती पिल्लंही आत अडकतात. चौकोनी आस ओढीतही उघडा राहतो. म्हणून जाळ्याच्या शेवटच्या भागात, जिथे मासळी साठते तिथे, 40 मिलिमीटरचा चौकोनी आस लावायचा. बदल एवढासाच, पण त्यातून पिल्लं बाहेर पडतात.

[दृश्य: जूनचा पाऊस. शिराळ्याकडचा ओढा, वाहतं तांबडं पाणी.]

1 जून ते 31 जुलै, असे 61 दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी बंद असते. अनेक माशांच्या विणीचा हा काळ, शिवाय समुद्रही खवळलेला. आपल्याकडे वारणा-कृष्णेच्या खोऱ्यात याच दिवसांत चढणीचे मासे येतात. पहिल्या मोठ्या पावसात पोटात गाभोळी, म्हणजे अंडी घेऊन ते ओढ्यानाल्यांतून वर चढतात. आपण त्यांना नेमकं तेव्हाच धरतो, आणि गाभोळीचं कौतुकही करतो. कोकणातली पावसाळी बंदी समजायला म्हणूनच आपल्याला लांब जावं लागत नाही. ओढ्यावर जे घडतं, तेच तिकडे समुद्रात घडत असतं.

[दृश्य: पुन्हा बाजार. गिऱ्हाइकांची गर्दी.]

मग सांगलीकराने करायचं काय? आखाडात समुद्राच्या ताज्या मासळीचा हट्ट धरू नये. धरणातली चिलापी, रोहू, कटला बाजारात असतात, त्या घ्याव्यात. पापलेट घेताना हाताशी मोजून बघावं. पिल्लू निघालं तर तसं तोंडावर सांगून पाटीत परत ठेवावं, आणि त्याच मावशींकडून बांगडा घ्यावा, म्हणजे त्यांचा धंदाही बुडत नाही. खानावळवाल्यांनी अख्ख्या पिल्लाऐवजी मोठ्या माशाचा एकच काप वाढला, तरी जेवणारा उपाशी उठणार नाही. पिल्लांच्या पेट्या चार दिवस तशाच पडून राहिल्या, तर पुढच्या खेपेला मिरकरवाड्याच्या लिलावात व्यापारी त्यांना भाव देताना विचार करेल. तो भाव पाडणं आपल्या हातात आहे.