भविष्यातल्या माणसाचं गाव

नमस्कार. आपल्या वाचनालयाने बोलावलं आणि विषय मलाच निवडू दिला, त्याबद्दल आधी आभार मानते. विषय असा: भविष्याच्या गोष्टींतल्या अंतराळयानांवर आपल्यासारखी माणसं दिसतात का, आणि दिसली तर कशी.

नागपूरच्या महाल भागात आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, घरमालकांच्या ओसरीवर. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' ही अंतराळप्रवासाची मालिका लागायची. आम्ही दहा-बारा पोरंपोरी दाटीवाटीने बसायचो. इंग्रजी निम्मंही कळत नसे. यानाच्या सुकाणूवर एक जण बसलेला असे. त्याच्याकडे बघून माझी आजी म्हणाली, "हा तं आपल्याकडचाच दिसते." तो आपल्याकडचा नव्हता. पण आजी चुकली असं मला आजही म्हणवत नाही.

त्या माणसाचं नाव सुलू. मालिका अमेरिकेत १९६६ साली सुरू झाली. तिचे निर्माते जीन रॉडनबेरी यांना कुठल्याही एका देशाचं नाव नको होतं, सगळ्या आशियाचं चालेल असं हवं होतं. त्यांनी नकाशा बघितला आणि फिलिपिन्सजवळच्या सुलू समुद्राचं नाव उचललं. समुद्राचं पाणी सगळ्यांच्या किनाऱ्याला लागतं, हा त्यामागचा विचार. विचार मोठ्या मनाचा होता, यात शंका नाही. पण समुद्रात कोणाचं घर नसतं.

सुलूचं काम करणारे जॉर्ज टाकेई लॉस एंजेलिसमध्ये जन्मले. १९४२ साली, ते पाच वर्षांचे असताना, बंदूकधारी सैनिक दारात आले. जपानी वंशाचे म्हणून सुमारे १ लाख २० हजार लोकांना अमेरिकेने छावण्यांत डांबलं, त्यांत हे कुटुंबही होतं. आधी घोड्यांच्या तबेल्यात ठेवलं, मग आर्कान्सामधल्या छावणीत. टाकेई सांगतात की, शाळेत राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा म्हणताना, त्यातले 'सर्वांना स्वातंत्र्य आणि न्याय' हे शब्द उच्चारताना, खिडकीतून काटेरी तारांचं कुंपण दिसायचं. तो मुलगा मोठा होऊन चोवीस वर्षांनी सगळ्या देशाच्या पडद्यावर अंतराळयान चालवत होता. आजीला जे दिसलं ते हेच असावं, असं मला वाटतं.

एका भागात सुलूला भ्रम होऊन तो तलवार घेऊन यानात धावतो, असा प्रसंग होता. लेखकाच्या मनात सामुराईची तलवार होती. टाकेई म्हणाले, मी लहानपणी रॉबिन हूड बघत वाढलो, मला युरोपी धाटणीची तलवार द्या. लेखकाने ऐकलं. प्रसंग बघा कधी. उघड्या अंगाने, हातात लवलवतं पातं घेऊन तो बोळातून झेपावतो. चेहरा जपानी म्हणून स्वप्नंही जपानीच पडली पाहिजेत, ही सक्ती त्या पाच मिनिटांत मोडली. पण त्याच्या घरी कोण आहे, तो आईला काय हाक मारतो, हे तीन वर्षांत कळलं नाही. हिकारू हे त्याचं पहिलं नाव पडद्यावर आलं ते १९९१च्या चित्रपटात.

त्याच मालिकेत १९६७ साली खलनायक आला, खान नूनियन सिंग. खानही आणि सिंगही! आपल्याकडचं शाळकरी पोरही या नावाशी अडखळेल. मालिकेतली इतिहासतज्ज्ञ त्याला बघून म्हणते, उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा. भूमिका केली मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंतालबान यांनी, आणि झकास केली. २०१३च्या चित्रपटात तोच खान गोरा इंग्रज नट झाला. म्हणजे भीती दाखवायला आपलं नाव पुरतं, माणूस लागत नाही.

पुढे १९९५ ते २००१ 'स्टार ट्रेक'च्याच 'व्हॉयेजर' या मालिकेत हॅरी किम हा कोरियन वंशाचा तरुण सात वर्षं अधिकाऱ्यांतल्या सगळ्यात खालच्या हुद्द्यावर राहिला. त्याच्या मित्राला शिक्षा म्हणून खाली आणलं आणि पुन्हा वरही चढवलं, हॅरी तिथेच. २००२च्या 'फायरफ्लाय' या अमेरिकी मालिकेत तर लोक चिनी भाषेत शिव्या देतात, पाट्या चिनी, भांडी चिनी. आणि यानावरच्या नऊ जणांत एकही चिनी चेहरा नाही. घर सजवलं आणि घरमालकालाच बाहेर ठेवलं.

म्हणून मला २०१५ साली सुरू झालेली 'द एक्सपान्स' महत्त्वाची वाटते. तिथली क्रिसजेन अवसरला संयुक्त राष्ट्रांची बडी नेता आहे. क्रिसजेन नाव आपल्याकडे कोणी ठेवत नाही, पण अवसरला हे अस्सल तेलुगू आडनाव आहे. पहिल्याच भागात ती नातवाशी खेळते आणि तिथून उठून एका कैद्याची निर्दय चौकशी करायला जाते. भारी साड्या, गळ्यात दागिने, तोंडात शिव्या. नटी शोहरे अग्दाश्लू मूळच्या तेहरानच्या, ही माझी तक्रार राहीलच. पण या बाईला नवरा आहे, नातू आहे, घर आहे. ती चुकते, पस्तावते. तिला समुद्राचं नाव देऊन भागलं नसतं.

आता आपल्याकडे वळते, कारण बोट नुसतं त्यांच्याकडे दाखवून मला झोप येणार नाही. १९९८ साली दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' आलं, मुलांनी डोक्यावर घेतलं. मराठीतही विज्ञानकथा भरपूर लिहिली गेली. मी वाचल्या त्या कथांतल्या शास्त्रज्ञांची आडनावं मोजक्या घरांतलीच असतात. आत्राम, मेश्राम, वासनिक, पौनीकर ही नागपूरच्या हजेरीपटावरची नावं यानात चढलेली मला फारशी भेटली नाहीत. दीक्षाभूमीच्या गावात बसून हे न बोलणं मला जमणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी शाळकरी मुलांचं कथालेखनाचं शिबिर घेतलं. इंदोरा वस्तीकडची सातवीतली एक मुलगी आली होती. तिच्या गोष्टीत मंगळावर पाण्याची टाकी फुटते आणि कॅप्टन ती बांधतो. कॅप्टनचं नाव रॉबर्ट. मी विचारलं, रॉबर्ट का गं? म्हणाली, "मॅडम, आपल्याकडचे थोडीच जातात तिकडं." मी काही समजावलं नाही, वही परत दिली. दुसऱ्या दिवशी तिने खोडरबराने रॉबर्ट पुसून तिथे तिच्या मोठ्या बहिणीचं नाव लिहिलं होतं. कागद झिजून पातळ झाला होता, खालचा 'र' अजून दिसत होता. मग वही पुढे करून तिनेच विचारलं, "मॅडम, तिची आई कुठं राहते, ते पण लिहू?"

लिही म्हटलं, पूर्ण पत्ता लिही.